मेमलिंगची मेरी: चित्र एकच, तिकिटं दोन

काकांनी अमेरिकेहून पाठवलेल्या पत्रांवरची तिकिटं चिकटवलेल्या जुन्या वहीत तुम्हाला माता मेरी आणि बाळ येशूची पाच सेंटची दोन तिकिटं मिळाली. चित्र तेच, पण एक लहान आणि दुसरं जवळजवळ दुप्पट मोठं. म्हणून एक बनावट आहे का आणि विकली तर किती येतील, असं तुम्ही विचारलंय.

आधी काळजी मिटवते. दोन्ही खरी आहेत. लहान १९६६ च्या नाताळाचं, मोठं १९६७ च्या. अमेरिकन टपाल खात्यानं एकच चित्र लागोपाठ दोन वर्षं वापरलं, दुसऱ्या वर्षी आकार वाढवला, एवढंच.

पैशांचं म्हणाल तर फार आशा ठेवू नका. दोन्ही वर्षी शंभर कोटींहून जास्त प्रती छापल्या गेल्या. सुट्या, शिक्का मारलेल्या तिकिटाला व्यापारी जवळपास काहीच देत नाहीत. पण म्हणून ती टाकाऊ ठरत नाहीत. माझ्या संग्रहातली ही अत्यंत लाडकी जोडी आहे, आणि त्याचं कारण मूळ चित्र.

ते चित्र हान्स मेमलिंगचं. हा जन्मानं जर्मन, १४६५ मध्ये आजच्या बेल्जियममधल्या ब्रूज शहराचा नागरिक झाला आणि तिथेच १४९४ मध्ये वारला. म्हणजे इटलीतला नव्हे, उत्तरेकडच्या प्रबोधनकाळातला चित्रकार. लाकडी फळीवरचं हे तैलचित्र दोन फुटांहूनही कमी उंचीचं आहे आणि वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. गॅलरीच्या संकेतस्थळावर ते मोठं करून बघा आणि शेजारी तुमचं तिकीट ठेवा. चित्रात मेरीच्या दोन बाजूंना दोन देवदूत आहेत. एक वीणेसारखं तंतुवाद्य, म्हणजे हार्प वाजवतोय, दुसरा बाळाला सफरचंद देतोय आणि बाळ त्याकडे हात करतंय. वरच्या कमानीवर द्राक्षवेल कोरलेली आहे. सफरचंद म्हणजे आदम-हव्वेचं पाप, द्राक्षं म्हणजे प्रभुभोजनातला, ख्रिस्ती उपासनेत येशूच्या रक्ताचं प्रतीक मानला जाणारा द्राक्षरस. तिकिटावर देवदूत नाहीत. त्यामुळे बाळाचा पुढे आलेला हात कशासाठी, हे तिकीट बघून कळतच नाही! मला हे कापणं अजूनही खटकतं.

राहिलं ते मेरीच्या हाताशी असलेलं उघडं पुस्तक, आणि गंमत म्हणजे वाद त्याच्यावरूनच झाला. अमेरिकेत नाताळाचं पहिलं तिकीट १९६२ मध्ये निघालं, त्यावर साधं पानांचं वेटोळं आणि मेणबत्त्या होत्या. चार वर्षांनी थेट मेरी आली, तीही कॅथलिक प्रार्थनापुस्तकासह, तेव्हा धर्म आणि सरकार वेगळे ठेवा म्हणणाऱ्या प्रॉटेस्टंटांच्या एका संघटनेनं हरकत घेतली. प्रकरण न्यायालयात गेलं. तरीही १९६७ च्या नोव्हेंबरमध्ये तेच चित्र आणखी मोठं होऊन आलं. तुमच्याकडचं मोठं तिकीट ते हेच.

वही चाळताना आणखी एक लक्षात ठेवा. मेरी-येशूचंच, पण किंमत न छापलेलं तिकीट दिसलं तर ती छपाईची चूक समजू नका. ते १९७५ चं, इटालियन चित्रकार गिर्लांदायोच्या चित्राचं. टपालदर वाढणार की नाही हे ठरलेलं नव्हतं, म्हणून आकडाच छापला नाही. विकलं गेलं दहा सेंटला.

आता सर्वांत महत्त्वाचं. काकांची मूळ पाकिटं घरात कुठे असतील तर त्यांवरची तिकिटं काढू नका. पाच सेंट हा तेव्हाचा अमेरिकेतल्या अमेरिकेतला पत्राचा दर. भारतात हवाई टपालानं येणाऱ्या पत्राला त्यात भागत नसे, त्यामुळे शेजारी आणखी तिकिटं असणार. ती सगळी, शिक्का, तारीख आणि तुमच्या घरचा पत्ता एकत्र राहिला तरच ते पाकीट बोलतं. वहीत डिंकानं चिकटवलेली तिकिटंही ओढून काढू नका. कोमट पाण्यात कागदासकट भिजवा, आपोआप सुटतील, मग टिपकागदावर पालथी वाळवा. मागे मूळ डिंक असलेली कोरी असतील तर मात्र पाणी लावूच नका.

आणि शिक्के नीट वाचा. पहिल्या दिवशी १९६६ चं तिकीट मिशिगन राज्यातल्या ख्रिसमस नावाच्या गावातून निघालं, १९६७ चं जॉर्जियातल्या बेथलेहेममधून. यांपैकी एखादं नाव दिसलं तर लगेच कळवा.