‘धार्मिक शाळा’ : मधला शब्द कुठे गेला?

कुर्ल्याच्या एका ताईंनी विचारले आहे : “आमच्या भागातल्या एका शाळेबद्दल पेपरात मथळा होता, ‘धार्मिक शाळांना सरकारी अनुदान’. शाळा एसएससी बोर्डाची, संस्था ख्रिस्ती. पाटीवर मात्र ‘शासनमान्य, अनुदानित, अल्पसंख्याक’ एवढेच शब्द आहेत. मग तिला धार्मिक शाळा म्हणायचे का? अनुदान घेतले म्हणजे ती सरकारीच झाली ना? तर मग सरकारला तिथे आपले सगळे नियम का लावता येत नाहीत? आणि जाता जाता, ‘अल्पसंख्याक’ बरोबर की ‘अल्पसंख्यांक’?”

जाता जाता विचारलेले आधी संपवू. ‘अल्पसंख्याक’ बरोबर. अल्प आहे संख्या ज्याची तो अल्पसंख्याक. बहुव्रीही समास आहे आणि शेवटचा ‘क’ प्रत्यय आहे. ‘अंक’ या शब्दाचा इथे संबंध नाही. क्रमांक, गुणांक यांमध्ये ‘अंक’ असतो, त्यांच्या नादाने इथेही अनुस्वार चढतो. सरकारी परिपत्रकांतही तो चढलेला सापडेल, म्हणून तो बरोबर ठरत नाही.

आता मथळा. सरकारी कागदावर संस्थेला जो दर्जा मिळतो तो ‘धार्मिक अल्पसंख्याक शैक्षणिक संस्था’ किंवा ‘भाषिक अल्पसंख्याक शैक्षणिक संस्था’ असा असतो. यातले ‘धार्मिक’ हे विशेषण अल्पसंख्याकांचे आहे, शाळेचे नव्हे. मथळ्याला जागा कमी पडली, कोणीतरी मधला शब्द उडवला आणि विशेषण जाऊन शाळेला चिकटले. ‘गरीब विद्यार्थी वसतिगृह’ यातला ‘विद्यार्थी’ काढून पाहा, म्हणजे काय होते ते कळेल.

गंमत अशी की भाषिक अल्पसंख्याकांच्या बाबतीत ही चूक कोणी करत नाही. चर्चगेटचे केसी कॉलेज सिंधी भाषकांच्या संस्थेचे, पार्ल्याचे मिठीबाई गुजराती भाषकांच्या, सायनचे एसआयईएस दक्षिण भारतीयांच्या संस्थेचे. यांना ‘भाषिक कॉलेज’ म्हटलेले मी तरी ऐकलेले नाही. तिथे काय शिकवतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. ख्रिस्ती किंवा मुस्लिम संस्थेची शाळा म्हटली की मात्र आत काय शिकवतात याचा अंदाज नावावरूनच बांधला जातो. महापालिकेच्या उर्दू शाळेलाही लोक ‘धार्मिक शाळा’ म्हणून मोकळे होतात. उर्दू ही भाषा आहे. मुंबई महापालिका मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांच्या शाळा चालवते, त्यांतले ते एक माध्यम.

अल्पसंख्याक कोण, हे ठरते राज्यावरून. टी. एम. ए. पै खटल्यात २००२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी तसे सांगितले. म्हणून गुजराती माणूस मुंबईत भाषिक अल्पसंख्याक आणि सुरतेत नाही. मराठी माणूस दादरला नाही, पण बेळगावात आहे. हा मुद्दा मराठी वाचकाने जरा जपून ठेवावा. अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क देणारे संविधानाचे कलम ३० कोणा एका धर्माच्या लाडासाठी आहे असे वाटू लागले की बेळगावची मराठी शाळा आठवावी.

‘अनुदान’ या शब्दावर थोडे जास्त थांबू, कारण गोंधळाचे मूळ तिथे आहे. शब्दात ‘दान’ आहे आणि दान म्हटले की आपल्या डोक्यात दोन कल्पना एकदम येतात. एक, देणाऱ्याची मर्जी, वाटले तर देईल. दुसरी, घेणारा मिंधा. पेशव्यांची श्रावणमासातली दक्षिणा खरोखर त्या जातीची होती. राज्याच्या खजिन्यातून वैदिकांना आणि शास्त्र्यांना दिलेले द्रव्य, त्याचा हिशोब मागण्याची पद्धत नाही. धर्मविद्येला सरकारी पैसा हा प्रकार आपल्याकडे असा जुना आहे. पुढे इंग्रज गव्हर्नर एल्फिन्स्टनने त्याच दक्षिणेच्या पैशातला काही भाग वळवला आणि १८२१ साली पुण्याला विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. तेवढ्या भागापुरती दक्षिणा गेली आणि तिच्या जागी नेमणूक, अभ्यासक्रम, परीक्षा आले.

आज आपण ज्याला अनुदान म्हणतो ते १८५४च्या वुडच्या खलित्यातून, म्हणजे कंपनी सरकारच्या शिक्षणधोरणाच्या पत्रातून आले. त्यात पहिल्यापासून अट होती : शाळेत चांगले लौकिक शिक्षण मिळते का हे सरकारचा तपासनीस पाहील, धर्मविषयात काय शिकवले जाते त्याकडे लक्ष देणार नाही. मिशनच्या शाळांना सरकारी पैसा मिळू लागला तो या सोयीतून. सरकारने पैसा दिला, हिशोब मागितला आणि एका खोलीचे दार आपणहून बंद ठेवले. तेव्हा अनुदान म्हणजे अटींवर दिलेला पैसा, आणि त्या अटींनाही हद्द. ‘खैरात’ हा शब्द त्याला चुकूनही लावू नये.

शाळेतली माणसे हा शब्द फारसा वापरतच नाहीत. ते ‘ग्रँट’ म्हणतात. “आमची तुकडी नॉनग्रँट आहे” हे वाक्य मुंबईच्या कुठल्याही शिक्षक-खोलीत ऐकू येईल. एकाच शाळेत ‘अ’ तुकडीला ग्रँट असते आणि नंतर वाढलेल्या ‘ड’ तुकडीला नसते. एकाच टेबलावर डबा खाणाऱ्या दोन शिक्षकांपैकी एकाचा पगार सरकारकडून ‘शालार्थ’ या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीतून येतो आणि दुसऱ्याचा संस्था देईल तेवढा. पदव्या दोघांच्या सारख्याच. अनुदानाचा मुख्य अर्थ हा : शिक्षक-शिक्षकेतरांचे पगार. इमारत संस्थेची, नाव संस्थेचे, व्यवस्थापन संस्थेचे. खडू-फळा-वीजबिलासाठी थोडेफार मिळते, त्याला ‘वेतनेतर अनुदान’ असे भारदस्त नाव आहे. ते वेळेवर मिळाले तर मुख्याध्यापक पेढे वाटतील.

‘विनाअनुदानित’ हा शब्द व्याकरणाच्या दृष्टीने विचित्रच आहे. ‘विना’ला नाम लागते : विनातिकीट, विनापरवाना, विनाशर्त. ‘विनातिकिटित प्रवासी’ कोणी म्हणत नाही. म्हणजे ‘विनाअनुदान शाळा’ पुरे होते. पण शब्द रुळला, कायद्यात बसला, आता त्याला हलवता येणार नाही. त्याच्यापुढे २००१ साली ‘कायम’ हा आणखी एक शब्द लागला आणि ‘कायम विनाअनुदानित’ शाळा जन्माला आल्या. या शाळांनी पुढे कधीही ग्रँट मागायची नाही, असा त्याचा अर्थ. जुलै २००९मध्ये शासन निर्णय काढून तो ‘कायम’ वगळला. एक क्रियाविशेषण काढण्यासाठी आझाद मैदानावर किती उपोषणे झाली असतील! शब्द गेला तरी पैसे लगेच आले नाहीत. २०१६मध्ये वीस टक्क्यांनी सुरुवात झाली आणि ‘टप्पा अनुदान’, ‘अंशतः अनुदानित’ असे नवे शब्द कोशाबाहेर तयार झाले.

तर, अनुदान घेतले म्हणजे शाळा सरकारी झाली का? नाही. संविधानच यात तीन पायऱ्या करते. कलम २८ म्हणते की जी संस्था पूर्णपणे राज्याच्या पैशावर चालते तिथे धार्मिक शिक्षण अजिबात द्यायचे नाही. इथला ‘राज्य’ म्हणजे महाराष्ट्र राज्य नव्हे. संविधानाच्या व्याख्येत केंद्र, राज्य सरकारे, महापालिका सगळे ‘राज्य’च, त्यामुळे महापालिकेची शाळा या पहिल्या पायरीवर येते. दुसऱ्या पायरीवर तुमची कुर्ल्याची शाळा : मान्यता आहे किंवा मदत मिळते, पण मालकी संस्थेची. तिथे धर्माचा तास घेता येतो, फक्त त्याला बसण्याची सक्ती करता येत नाही. मूल कायद्याने सज्ञान नसेल तर पालकाची संमती लागते. मान्यताही नाही आणि मदतही नाही ती तिसरी पायरी, तिच्यावर हे कलम बोलत नाही.

वांद्र्या-माहीमच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्यांना हे कलम न वाचताच माहीत असते. कॅटेकिझमच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिकवणीच्या, तासाला घंटा झाली की वर्ग दुभंगतो. कॅथलिक मुले एका खोलीत जातात, बाकीची ‘मॉरल सायन्स’ला दुसऱ्या खोलीत. ही वाटणी म्हणजेच कलम २८चा तिसरा खंड.

मदत घेतल्यावर शाळेवर येणारे दुसरे बंधन कलम २९चे : केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा यावरून कोणाला प्रवेश नाकारायचा नाही. आणि सरकारवरचे बंधन कलम ३०चे : संस्था अल्पसंख्याकांची आहे एवढ्या कारणाने मदत देताना भेदभाव करायचा नाही. थोडक्यात, दोरी दोन्ही बाजूंनी बांधलेली आहे.

ही दोरी लवकरच ताणली गेली, तीही आपल्याच मुंबई राज्यात. जानेवारी १९५४मध्ये मुंबई सरकारने हुकूम काढला की इंग्रजी माध्यमाच्या वर्गांत यापुढे अँग्लो-इंडियन आणि आशियाई वंशाचे नसलेले नागरिक यांच्याखेरीज कोणाला घ्यायचे नाही. हेतू चांगला होता, देशी भाषांना बळ द्यायचे. देवळालीच्या बार्न्स स्कूल या अँग्लो-इंडियन शाळेची चालक बॉम्बे एज्युकेशन सोसायटी ही १८१५ सालची संस्था कोर्टात गेली. मुंबई उच्च न्यायालयाने हुकूम उडवला आणि त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही तेच केले. निकालातला एक भाग मला फार आवडतो. अँग्लो-इंडियन शाळांना तेव्हा जे खास अनुदान मिळे त्याची संविधानातली अटच अशी होती की दर वर्षी किमान चाळीस टक्के प्रवेश इतर समाजांसाठी खुले असले पाहिजेत. हुकूम पाळला तर अट मोडते, अट मोडली तर अनुदान जाते! एका हाताने घातलेली अट दुसऱ्या हाताने पाळू द्यायची नाही, असा प्रकार.

दुसरे प्रकरण तेव्हाच्या खेडा जिल्ह्यातल्या बोरसदचे, त्या वेळी तोही भाग मुंबई राज्यातच. प्रेस्बिटेरियन मिशनच्या अध्यापक विद्यालयाला सांगितले गेले की ऐंशी टक्के जागा सरकार पाठवील त्या शिक्षकांना द्या, नाहीतर ग्रँट आणि मान्यता दोन्ही जातील. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने हे चालणार नाही असे सांगितले. शिक्षणाचा दर्जा, स्वच्छता, शिस्त, हिशोब यांसाठी नियम करा. पण ग्रँटच्या धाकाने संस्थाच ताब्यात घेता येणार नाही. माझ्या मते ताईंच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर या निकालात आहे. पैशाबरोबर देखरेख येते, मालकी येत नाही.

म्हणूनच महाराष्ट्राच्या १९७७च्या खासगी शाळा कर्मचारी कायद्यात अल्पसंख्याक शाळेला मुख्याध्यापक आपल्या पसंतीने नेमण्याची मोकळीक आहे. बाकीच्या खासगी शाळांत तिथे ज्येष्ठतेची यादी चालते आणि तिच्यावरून भांडणेही. म्हणूनच अकरावीच्या प्रवेशात अल्पसंख्याक संस्थांच्या कॉलेजांत सामाजिक आरक्षण लावण्याच्या शासन निर्णयाला मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२५मध्ये अंतरिम स्थगिती दिली. ही मोकळीक कुठवर असावी याबद्दल मतभेद आहेत आणि असावेत. गरीब मुलांसाठी पंचवीस टक्के जागा ठेवायला लावणाऱ्या शिक्षणहक्क कायद्यातून अल्पसंख्याक शाळा, अनुदानित असोत वा नसोत, पूर्णपणे बाहेर ठेवणारा २०१४चा निकाल मला स्वतःला पटलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन न्यायाधीशांनी सप्टेंबर २०२५मध्ये त्याबद्दल शंका व्यक्त केली आणि प्रकरण मोठ्या पीठाकडे जावे असे म्हटले. सार्वजनिक पैसा घेणाऱ्या शाळेने वस्तीतल्या गरीब मुलाला जागा दिली तर तिचे ख्रिस्तीपण किंवा सिंधीपण कसे काय विरघळते, ते कळत नाही.

आता ‘धार्मिक शिक्षण’. संविधानाच्या मराठी पाठात हाच शब्द आहे, आणि तो दोन निराळ्या गोष्टींना पुरवावा लागतो. एक, विशिष्ट धर्माचे आचार, प्रार्थना, श्रद्धा मुलाच्या अंगी बाणवणे. दोन, धर्मांबद्दल माहिती देणे, जशी इतिहासाच्या पुस्तकात असते. न्यायालयांनी हा भेद केला आहे. गुरू नानकांच्या विचारांचा अभ्यास म्हणजे धर्माची दीक्षा नव्हे, असे १९७१च्या पंजाबच्या प्रकरणात म्हटले गेले. मराठीत पहिल्याला ‘धर्मशिकवण’ आणि दुसऱ्याला ‘धर्माभ्यास’ म्हणावे असे मी सुचवीन. बंदी आहे ती धर्मशिकवणीला. ज्ञानेश्वरीच्या ओव्या मराठीच्या पुस्तकात असल्या म्हणून महापालिकेची शाळा कलम मोडत नाही.

मग ‘धार्मिक शाळा’ हा शब्द कोणाला शोभतो? शिक्षणहक्क कायद्यात २०१२ साली एक दुरुस्ती झाली. मदरसे, वेदपाठशाळा आणि मुख्यतः धर्मशिकवण देणाऱ्या संस्थांना हा कायदा लागू नाही, असे ती सांगते. मदरसा आणि वेदपाठशाळा एकाच ओळीत, एकाच न्यायाने. ‘धार्मिक शाळा’ म्हणायचे तर यांना म्हणा. सार्वजनिक पैसा इथेही पोचतो. उज्जैनच्या वेदविद्या प्रतिष्ठानामार्फत केंद्र सरकार वेदपाठशाळांना मदत देते. महाराष्ट्रात डॉ. झाकीर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजना आहे. तिच्यातून गणित, विज्ञान, मराठी, इंग्रजी असे विषय शिकवणाऱ्यांना महिन्याला पैसे मिळतात. ऑक्टोबर २०२४मध्ये ते डीएड शिक्षकांसाठी सहा हजारांवरून सोळा हजार आणि बीएड शिक्षकांसाठी आठ हजारांवरून अठरा हजार झाले, तेव्हा मथळे पुन्हा ‘मदरशांना अनुदान’ असेच होते. शिक्षकाला महिन्याला मिळणाऱ्या त्या ठरावीक रकमेला सरकारी कागदात शब्द आहे ‘मानधन’. ‘पगार’ नाही, म्हणजे नोकरीचे हक्क नाहीत. ‘अनुदान’ही नाही.