तगरीची पाने फस्त करणाऱ्या, शेपटीला शिंग असलेल्या हिरव्या अळ्यांचे काय करावे?

कुंडीतल्या एक-दोन तगरींसाठी अळ्या हाताने वेचून काढणे पुरेसे आहे. कीटकनाशक फवारण्याची गरज नाही. आपण केलेल्या वर्णनावरून ही 'ऑलिएंडर हॉक मॉथ' या पतंगाची अळी दिसते, जी तगर, कण्हेर आणि सदाफुलीवर वाढते आणि जिच्या डोक्यामागे डोळ्यांसारखे दोन निळसर-पांढरे ठिपके असतात. तिचे शिंग मऊ असते, ते टोचत नाही. पानाच्या रंगात ती इतकी मिसळून जाते की, आमच्या तगरीवर दर पावसाळ्यात तिला पाहत आल्याच्या अनुभवावरून सांगते, आधी खाली पडलेल्या काळपट, मिरीएवढ्या लेंड्या शोधाव्यात आणि मग त्यांच्या बरोबर वरच्या फांदीच्या पानांची खालची बाजू तपासावी. शक्य असल्यास अळी मारू नये, कारण पूर्ण वाढलेली अळी रंग बदलून तपकिरी होते, झाड सोडते, पालापाचोळ्यात कोष करते आणि त्यातून निघणारा हिरवा-गुलाबी पतंग रात्री फुलांतील मकरंद पितो. कुंपणाची मोठी कण्हेर जवळ असेल, तर तिच्यावर नेऊन सोडावी. पाने गेलेली तगर निरोगी असल्यास पुन्हा फुटते.

रोप अगदी लहान असेल आणि अळ्या बारीक पण पुष्कळ असतील, तरच बॅसिलस थुरिंजिएन्सिस हे जिवाणूजन्य कीटकनाशक वेष्टनावरील प्रमाणात संध्याकाळी फवारावे, कारण उन्हात त्याचा प्रभाव लवकर ओसरतो. मात्र ते फुलपाखरांच्या अळ्यांनाही मारते, म्हणून शेजारच्या कढीपत्त्यावर किंवा लिंबावर ते उडू देऊ नये. कण्हेरीचा चीक विषारी असल्याने तिथे काम करताना हातमोजे घालावेत.