शिक्क्याने पहिलं शुभेच्छा कार्ड करताना
सुरुवातीला शिक्क्यांचा ढीग नको. एक रबरी शिक्का, काळ्या शाईचं पॅड आणि 250 ते 300 जीएसएमचा (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन; म्हणजे जाडसर) गुळगुळीत कागद, एवढ्यावर छान कार्डं होतात.

नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे शिक्का पॅडवर जोरात दाबणं. शाई कडांना लागते आणि चित्राभोवती डाग उमटतात. त्यापेक्षा शिक्का उलटा धरा, पॅडच त्यावर हलकं हलकं टेकवा. कागदावर सरळ दाबा, डोलवू नका, सरळच उचला. खाली जुनी वही ठेवली तर ठसा भरीव येतो, हे करून बघाच!

- पहिला ठसा रद्दी कागदावर.
- काम झालं की शिक्का ओल्या फडक्याने पुसा. लाकडी मूठ भिजवू नका.

एम्बॉसिंग (ठसा उठावदार करणं) वगैरे सध्या राहू द्या. आधी दहा कार्डं होऊ देत.