कर्जासोबत गळ्यात मारलेला विमा आणि पंचवीस टक्के मागणारा मध्यस्थ

प्रश्न: मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यात राहतो. फेब्रुवारी 2025 मध्ये घराच्या दुरुस्तीसाठी बँकेकडून 15 लाखांचं कर्ज घेतलं. मुदत 15 वर्षं, व्याज सव्वानऊ टक्के. सह्या करताना ‘विमा घेतल्याशिवाय फाईल पुढे जात नाही’ असं सांगितलं गेलं. नंतर स्टेटमेंट काढलं तर कर्ज 15 लाख 72 हजारांचं निघालं. 72 हजार विम्याचा एकरकमी प्रीमियम म्हणून कापलेत आणि विमा फक्त पाच वर्षांचा आहे. मला आठ वर्षांपासून मधुमेह आहे, त्याबद्दल कोणी विचारलंही नाही. माझा भाऊ इंग्लंडला स्विंडनमध्ये असतो. तिथे अशा विम्याचे पैसे सोडवून देणाऱ्या कंपन्या आहेत, तूही कोणाला तरी दे, असं तो म्हणतो. म्हापशात एक गृहस्थ असं काम करतात. फाईलचे 3,500 रुपये आणि मिळेल त्याच्या 25 टक्के मागतात. बँकेवर दबाव यावा म्हणून हप्ते थांबवा, असंही त्यांनी सुचवलंय. त्यांना काम द्यावं का?

उत्तर: देऊ नका. आणि हप्ता तर एकही थांबवू नका. हप्ता चुकला की दंड लागतो, सिबिल खराब होतं आणि उद्या बँक तुमच्याकडेच बोट दाखवते. आज या प्रकरणात तुमची बाजू स्वच्छ आहे, ती तशीच राहू द्या.

तुमच्या भावाचं म्हणणं खोटं नाही, पण ते तिथलं आहे. ब्रिटनमध्ये कर्जासोबत विकलेल्या ‘पीपीआय’ (हप्ते फेडता आले नाहीत तर ते भरून देणारा विमा) विम्याचं प्रकरण फार मोठं झालं. बँकांना अब्जावधी पौंड परत करावे लागले. तक्रारीची मुदत 29 ऑगस्ट 2019 ला संपली. तिथेही ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या लोकपालाकडे फुकट जाता येत होतं. तरी लाखो लोक दावा कंपन्यांकडे गेले आणि परताव्याचा मोठा भाग त्यांना देऊन बसले. शेवटी 2018 साली या कंपन्यांच्या फीवर 20 टक्क्यांची मर्यादा घालावी लागली आणि पुढच्या वर्षी त्या तिथल्या वित्तीय नियामकाच्या देखरेखीखाली आल्या. आपल्याकडे अशा मध्यस्थांसाठी विमा नियामकाचा परवाना नाही आणि फीला मर्यादाही नाही. ते गृहस्थ वकील आहेत का, हेही विचारून घ्या. वकील असतील तर बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे निकालावर अवलंबून असलेली फी त्यांना ठरवता येत नाही, मिळालेल्या रकमेत वाटाही घेता येत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, ज्या दारात तुम्हाला जायचंय तिथे त्यांना प्रवेशच नाही. विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालासमोर तक्रारदार स्वतः उभा राहतो. वकील किंवा एजंट चालत नाही. रिझर्व्ह बँकेच्या लोकपाल योजनेतही तुमच्या वतीने वकिलाला तक्रार करता येत नाही. म्हणजे हे गृहस्थ करणार काय, तर तुमच्या नावाने पत्र लिहिणार, तुमच्या मोबाईलवर आलेला ओटीपी मागून घेणार आणि सुनावणीला तुम्हालाच बसवणार. त्यासाठी 72 हजारांतले 18 हजार आणि वर 3,500 द्यायचे?

आता तुमच्या तक्रारीत दम किती, ते बघू. माझ्या मते भरपूर आहे.

कर्ज देताना विमा घ्यायलाच लावणं हे ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार निर्बंधात्मक व्यापार प्रथेत मोडतं. एक सेवा हवी असेल तर दुसरी घ्यावीच लागेल, ही अटच त्या व्याख्येत आहे. कर्जाचा आणि विम्याचा असा संबंध जोडू नये, असं रिझर्व्ह बँकही बँकांना सांगत आली आहे. शिवाय तुमचं कर्ज 1 ऑक्टोबर 2024 नंतरचं आहे, हे तुमच्या फायद्याचं आहे. त्या तारखेपासून मंजूर होणाऱ्या किरकोळ मुदत कर्जांना ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटी आणि खर्च एकत्र दाखवणारा कागद, द्यावंच लागतं. ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत असावं, त्यातला मजकूर त्याला समजावून सांगावा आणि तसं त्याच्याकडून लिहून घ्यावं, असा नियम आहे. बँकेने दुसऱ्यासाठी वसूल केलेला विम्याचा पैसा त्यात वेगळा दाखवावा लागतो आणि वार्षिक खर्चाच्या टक्केवारीतही धरावा लागतो. तिथे न दाखवलेला आकार तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. म्हणून सगळ्यात आधी शाखेत जा आणि तीन कागदांच्या प्रती लेखी अर्ज करून मागा: हे की फॅक्ट स्टेटमेंट, विम्याचा प्रस्ताव अर्ज आणि विमा प्रमाणपत्र. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय काउंटरवरून हलू नका.

प्रस्ताव अर्ज हातात आला की आरोग्याच्या घोषणेचं पान उघडा. तिथे मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार असे प्रश्न ओळीने असतात आणि पुढे ‘होय’, ‘नाही’ असे चौकोन. बहुतेक वेळा सगळ्या ‘नाही’वर एकाच हाताने, एकाच झटक्यात खुणा केलेल्या दिसतात आणि खाली कर्जदाराची सही असते. तुमच्या अर्जात मधुमेहापुढे ‘नाही’ असेल, तर पहिल्या तीन वर्षांत तुमचं काही बरंवाईट झाल्यास कंपनी माहिती लपवल्याचं कारण पुढे करून दावा नाकारू शकते. म्हणजे घरच्यांना आधार म्हणून जे विकलं, ते गरजेच्या वेळी हातात राहीलच असं नाही. तक्रारीत हा मुद्दा ठळकपणे मांडा. तुमचे जुने रक्ततपासणीचे रिपोर्ट आणि डॉक्टरांची चिठ्ठी जोडा.

पैशांचा हिशोबही नीट मांडा. 72 हजार कर्जात मिसळले गेल्यामुळे तुमच्या हप्त्यात दरमहा सुमारे 741 रुपये फक्त त्यांचेच जातात. 15 वर्षांत ते 1 लाख 33 हजारांच्या आसपास होतात, आणि विमा तर पाचव्या वर्षी संपलेला असेल. त्यामुळे नुसता प्रीमियम मागू नका. प्रीमियम, त्यावर आजवर लागलेलं व्याज आणि कर्जाचा हप्ता नव्याने आखून देणं, या तिन्ही गोष्टी एकत्र मागा. मध्यस्थाला आपला वाटा लवकर हवा असतो. त्यामुळे तो बहुधा कंपनीच्या पहिल्याच तडजोडीच्या प्रस्तावावर तुमची सही घेतो आणि व्याजाचा विषय तिथेच बुडतो.

पत्र साधं असू द्या, इंग्रजी सफाईदार नसलं तरी चालेल. मजकूर साधारण असा: ‘अमुक तारखेला अमुक कर्ज घेतलं. विमा घेतल्याशिवाय कर्ज मिळणार नाही असं सांगण्यात आलं. विमा पाच वर्षांचा आहे आणि प्रीमियम कर्जात जोडला आहे, हे सांगितलं नाही. मला मधुमेह आहे, तो विचारला नाही. हा विमा सुरुवातीपासून रद्द करून पूर्ण प्रीमियम माझ्या कर्ज खात्यात जमा करावा, त्यावरचं व्याज परत करावं आणि नवा हप्ता लेखी कळवावा.’ हे एक पत्र विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला आणि एक बँकेच्या नोडल (तक्रारी बघणाऱ्या) अधिकाऱ्याला ईमेलने पाठवा. ‘फ्री लुकची मुदत गेली’, म्हणजे पॉलिसी बघून परत करण्याची सुरुवातीची मुदत संपली, असं उत्तर कदाचित येईल. खचून जाऊ नका. ती मुदत मन बदललेल्या ग्राहकासाठी असते. फसवून विकल्याची तक्रार तिने संपत नाही.

विमा कंपनीविरुद्धची तक्रार विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवरही नोंदवा, किंवा 155255 वर फोन करा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. गोवा मुंबईच्या कार्यालयाकडे येतो, पण त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही. अर्ज ऑनलाइन होतो आणि सुनावणी व्हिडिओवर होऊ शकते. फी नाही. गट विमाही त्यांच्या कक्षेत आहे, त्यामुळे ‘ही ग्रुप पॉलिसी आहे’ हे कारण तुम्ही ऐकून घेऊ नका. लोकपालाचा निवाडा कंपनीला बंधनकारक असतो. कंपनीच्या नकारानंतर तिथे जायला एक वर्ष मिळतं.

बँकेने सक्ती केली किंवा की फॅक्ट स्टेटमेंट दिलं नाही, याची तक्रार मात्र रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे करायची. बँकेला लिहून 30 दिवस झाले की रिझर्व्ह बँकेच्या ‘सीएमएस’ या तक्रार पोर्टलवर ती नोंदवता येते. तिथेही फी नाही.

ग्राहक आयोग हा पुढचा रस्ता. तुम्ही उत्तर गोव्यात राहता, म्हणून पर्वरीचा जिल्हा आयोग तुमचा. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही. पण आयोगात खटला चालू असताना त्याच विषयावर विमा लोकपाल तक्रार घेत नाही, म्हणून आधी लोकपाल. मात्र आयोगाची दोन वर्षांची मुदत विसरू नका. धोका नको म्हणून ती कर्ज मिळालेल्या दिवसापासून मोजा, म्हणजे फेब्रुवारी 2027. त्याच्या तीन-चार महिने आधीपर्यंत निकाल लागला नाही, तर मला किंवा कोणत्याही स्थानिक वकिलाला भेटा. तिथे वकील चालतो, आणि त्याची फी ठरावीक रकमेत आधीच ठरवून घ्या.

मध्यस्थाची मदत कोणालाच लागत नाही, असं मी म्हणणार नाही. घरचा कर्ता गेलाय, दावा नाकारलाय आणि बायको एकटी आहे, अशा घराला कोणीतरी कागद जुळवून द्यायला हवं. पण तुमच्या हातात कर्जखात्याचं स्टेटमेंट आहे, रिपोर्ट आहेत आणि जे घडलं ते तुम्ही या पत्रात दहा ओळींत स्वच्छ सांगितलंय. तक्रारीला याहून जास्त लागत नाही.

म्हापशाच्या गृहस्थांना आधारची प्रत किंवा कोरे चेक दिले असतील, तर आजच लेखी परत मागा. चेक थांबवण्याची सूचनाही बँकेला द्या. विमा रद्द करण्याआधी एक विचार करा. घरात कमावते तुम्ही एकटेच असाल, तर मधुमेह सांगून घेतलेला साधा टर्म विमा आधी मिळतो का, ते बघा. प्रीमियम थोडा जास्त पडेल. तो मिळाला की मगच हा सोडा. कंपनीने ‘पूर्ण आणि अंतिम’ असं लिहिलेला कागद सहीसाठी पाठवला, तर त्यात व्याजाचा आणि नव्या हप्त्याचा आकडा आहे का, हे पाहिल्याशिवाय सही करू नका.