'पुनरुत्थान' आणि आपलं 'उभारणं'

बेळगाव तालुक्यातल्या एका वाचक ताईंनी विचारलंय: "आमच्या मंडळीच्या ईस्टरच्या पत्रिकेवर 'पुनरुत्थान' छापायचं की 'पुनरुज्जीवन', यावर दोन बैठका झाल्या. तरुण मुलं म्हणतात, अर्थ एकच, सोपा असेल तो घ्या. शेजारच्या वहिनींना मजकूर वाचून दाखवला तर त्या म्हणाल्या, 'म्हणजे पुनर्जन्मच की ओ!' त्यांना काय सांगावं ते मला सुचेना. शिवाय आमचे पाळकसाहेब दर ईस्टरला सांगतात, पुनरुत्थानाचं जीवन रोज जगा, अंतःकरणाचं नूतनीकरण होऊ द्या. रोज जगायचं म्हणजे काय, हे या शब्दात कुठं दिसतं का?"

ताई, दिसतं. पण शब्दाच्या पोटात हात घालावा लागतो, कारण त्यातलं मुख्य अक्षर संधीनं गिळलंय.

ख्रिस्ताच्या मेलेल्यातून उठण्याला आपण म्हणतो ते पुनरुत्थान म्हणजे पुनर् अधिक उत्थान, आणि उत्थान म्हणजे उद् अधिक स्थान. 'उद्' म्हणजे वर, 'स्था' म्हणजे उभं राहणं. उद् च्या पुढं स्था आला की त्याचा 'स्' जातो, हा पाणिनीचा नियम. स् गेला आणि त्याबरोबर आपल्या डोळ्यांसमोरून 'उभं राहणं'ही गेलं. उरला एक भारदस्त शब्द, जो वर्षातून एकदा पत्रिकेवर येतो. गंमत अशी की आपलं रोजचं 'उठणं' याच घरातलं. संस्कृतातलं उत्था, प्राकृतात उट्ठ, मराठीत उठ. म्हणजे घड्याळाचा गजर झाल्यावर आपण जे करतो, किंवा करत नाही, त्याचंच नाव उत्थान.

आता ग्रीककडं बघा, कारण नवा करार, म्हणजे बायबलचा दुसरा भाग, मुळात ग्रीकमध्ये लिहिलेला. तिथं शब्द आहे 'अनास्तासिस'. 'अना' म्हणजे वर, पुन्हा. 'स्तासिस' म्हणजे उभं राहणं. ग्रीकमधला 'स्ता' आणि संस्कृतातला 'स्था' हे एकाच मूळ धातूचे वंशज, आणि इंग्रजीतलं 'स्टँड'ही त्याच भाऊबंदकीतलं. तेव्हा 'खानापूर स्टँडवर हाय' असं फोनवर सांगणारा माणूस नकळत त्याच धातूला हात लावून येतो. मराठीत बायबल आणणाऱ्यांनी हा शब्द निवडला तेव्हा त्यांच्या मनात हे नातं होतं की नव्हतं, देव जाणे, पण इतका नेमका जोड भाषांतरात क्वचित बसतो.

आणि आपल्या सीमाभागात तर त्याला आणखी एक शब्द आहे, जो पुण्यामुंबईकडं नाही. प्रमाण मराठीत 'उभारणे' म्हणजे दुसरं काहीतरी उभं करणं: गुढी उभारली, मांडव उभारला, निधी उभारला. आपण मात्र स्वतःच उभारतो. 'कवाधरनं उभारलोय इथं', 'जरा उभार की', 'दारात कोण उभारलंय बघ'. एकदा मी पुण्याच्या मित्राला फोनवर म्हटलं, "मी चौकात उभारलोय." तो म्हणाला, "काय उभारलंयस?" म्हटलं, "मलाच."

माझी आजी सकाळी अंथरुणावर बसून असायची. आत्यानं विचारावं, "उठलीस काय?" की तिचं उत्तर ठरलेलं: "उठलो की. उभारलो न्हाई अजून." (बाहेरच्या वाचकांसाठी: आमच्याकडं बायकाही 'आलो-गेलो'च म्हणतात.) जाग येणं वेगळं आणि पायांवर उभं राहणं वेगळं, हा फरक तिच्या गुडघ्यांनी तिला शिकवला होता. नव्या करारातही तो आहे. अनास्तासिसच्या जोडीला दुसरं क्रियापद येतं 'एगेइरो', म्हणजे जागं करणं, उठवणं. वादळात नावेत झोपलेल्या येशूला शिष्य जागं करतात तिथंही हेच, आणि कबरेपाशी 'तो येथे नाही, उठला आहे' असं देवदूत सांगतो तिथंही हेच. झोपेतून उठवायला एक आणि मेलेल्यातून उठवायला दुसरं, असं वेगळं क्रियापद त्यांनी काढलं नाही.

आता वहिनींचा प्रश्न. त्यांना वाईट वाटू देऊ नका. 'पुनः'पासून सुरू होणारे शब्द कानाला सारखेच लागतात, आणि आपण अपघातातून वाचलेल्या माणसाला 'पुनर्जन्म झाला' म्हणतोच. पण तत्त्वाच्या दृष्टीनं दोन टोकं आहेत. पुनर्जन्मात देह नवा, नाव नवं, आईबाप नवे, मागची आठवण पुसलेली. पुनरुत्थानात माणूस तोच. शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला येशू जे दाखवतो ते हातावरचे खिळ्यांचे व्रण असतात. देह बदललेला आहे, बंद दारांतून येतो, तरी व्रण आहेत. वहिनींना एवढं एकच सांगा: पुनर्जन्मात जखम मागं राहते, पुनरुत्थानात ती सोबत येते, पण आता तिच्यातून रक्त येत नाही.

ख्रिस्ती बोलण्यात 'नवा जन्म' असाही शब्दप्रयोग आहे, त्यानं गोंधळ वाढतो हे कबूल. निकदेम नावाचा यहुदी पुढारी रात्री भेटायला येतो, त्याला येशू सांगतो की नव्यानं जन्मायला हवं. म्हातारा माणूस आईच्या पोटात परत कसा जाणार, असं निकदेम विचारतो, म्हणजे वहिनींच्या आधी गोंधळलेले लोक होते. तो नवा जन्म याच आयुष्यातला, याच देहातला.

'पुनरुज्जीवन' राहिलं. हा शब्द चांगला आहे, पण आपण तो नद्यांना, तळ्यांना, बंद पडलेल्या सोसायट्यांना वापरतो. आधी जे होतं ते परत चालू होणं. ख्रिस्ती कथेत तो बसतो लाजराला, येशूनं जिवंत केलेल्या त्याच्या मित्राला. चार दिवस कबरेत होता, बाहेर आला, पुढं यथावकाश पुन्हा वारला असणार. त्याला त्याचं जुनंच आयुष्य परत मिळालं. ख्रिस्ताचं तसं नाही, तो पुन्हा मरणार नाही असं प्रेषित पौल रोमकरांना, म्हणजे रोममधल्या मंडळीला, पत्रात स्वच्छ लिहितो. म्हणून पत्रिकेवर 'पुनरुत्थान'च. तुमच्या तरुण मुलांना सांगा, सोपेपणा हवा तर खाली 'ख्रिस्त उठला आहे' लिहा, त्याहून सोपं काय असणार?

पण त्या वाक्यातलं 'आहे' काढू नका. जागा वाचवायला लोक 'ख्रिस्त उठला' एवढंच छापतात. 'पाऊस पडला', 'बस गेली', तसं. झालं, संपलं. करिंथकरांस पहिल्या पत्रात, अध्याय 15 मध्ये, पौल जे रूप वापरतो ते ग्रीकमधलं पूर्ण वर्तमान: उठला, आणि अजून उठलेलाच आहे. आपल्याला हे समजायला शेजारची भाषा मदतीला येते. कानडीत म्हणतात 'क्रिस्तनु एद्दिद्दाने'. एद्दु म्हणजे उठून, इद्दाने म्हणजे आहे. 'उठून आहे'. सकाळी शेजारी जाऊन 'अप्पा एद्दिद्दारा?' विचारतो तेव्हा आपल्याला त्यांनी किती वाजता डोळे उघडले ते नको असतं, ते आत्ता उठून बसलेत का, भेटतील का, हे हवं असतं. तुमची पत्रिका दोन्ही लिपींत निघणार असेल तर आणखी एक सोय: कानडीतही शब्द पुनरुत्थानच आहे. या एका शब्दाबाबत तरी सीमावाद नाही. (कोकणी बोलणाऱ्या कॅथलिक घरांत 'पुनर्जिवंतपण' म्हणतात, तेही गोड आहे.)

आता अवघड भाग, रोजच्या जगण्याचा. पाळकसाहेबांचा 'नूतनीकरण' हा शब्द मला स्वतःला खटकतो. तो ऐकला की मला गाडीच्या लायसन्सची रांग आठवते. फॉर्म भरला, फी भरली, पुढची काही वर्षं काळजी नाही. पौल म्हणतो त्याचा अर्थ असा की बाहेरचा माणूस झिजत असला तरी आतला दिवसेंदिवस नवा होतो. दिवसेंदिवस, म्हणजे त्याची मुदत संध्याकाळी संपते. त्यापेक्षा आपल्याकडं 'उभारी' आहे. मनाला उभारी आली, पिकानं उभारी धरली. भाताचा तरवा काढून रोप लावलं की पहिले काही दिवस चिखलात माना टाकून पडलेलं असतं. नवखा माणूस म्हणेल, गेलं. मग मुळं धरली की एका सकाळी सगळं शेत ताठ. 'रोप उभारलं' असं बांधावरून ओरडून सांगतात. पौलानंही पुनरुत्थान समजावताना दाण्याचाच दाखला घेतला, पेरतोस ते मेल्याशिवाय जिवंत होत नाही म्हणून. तो तंबू शिवणारा गावशहरातला माणूस, भात लावणारा असता तर रोपाचा दाखला दिला असता असं मला उगाच वाटतं.

आणि हेही बघा की ते रोप आपलं आपण चिखलात येत नाही, कुणीतरी लावतं. 'उठला' याच्या जोडीला नव्या करारात 'उठवला गेला' असं कर्मणी रूप वारंवार येतं, आणि विश्वासणाऱ्यांबद्दल तर 'तुम्ही ख्रिस्ताबरोबर उठवले गेला' असंच. मनाची उभारी स्वतःच्या केसांना धरून स्वतःला वर ओढण्यातून येत नाही, हा त्या व्याकरणाचा अर्थ. जुन्या करारातल्या यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकात देव म्हणतो की मी पाषाणमय हृदय काढून मांसमय हृदय देईन. तिथंही कर्ता तोच. आपल्याकडं राहतं ते एवढंच: हात पुढं आला की तो धरायचा.

पुढं काय होतं, ते शुभवर्तमानात फार घरगुती आहे. शिष्य शिमोन पेत्राची सासू तापानं पडलेली. येशू हाताला धरून तिला उठवतो, इथंही क्रियापद तेच एगेइरो. ताप जातो, आणि ती लगेच त्यांची सेवा करू लागते. याईराच्या बारा वर्षांच्या, नुकत्याच वारलेल्या मुलीला तो अरामीत 'तलीथा कूम' म्हणतो, मुली, ऊठ. ती उठते, चालू लागते, सगळे थक्क, आणि तो सांगतो, हिला काहीतरी खायला द्या. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात तो स्वतः उठलेला, किनाऱ्यावर कोळशाच्या विस्तवावर मासळी आणि भाकर ठेवून शिष्यांना न्याहारीला बोलावतो. कोळशाच्या विस्तवाला तिथं जो ग्रीक शब्द आहे, तो सगळ्या नव्या करारात दोनदाच येतो. दुसरी जागा म्हणजे ते अंगण, जिथं येशूला पकडलं त्या रात्री शेकत उभा असलेला पेत्र 'मी त्याचा शिष्य नाही' म्हणाला. तीनदा नाकारलं, आता विस्तवापाशीच तीनदा विचारणा: माझ्यावर प्रीती करतोस काय? मागचं झाकलं नाही, पुसलंही नाही. त्याच्याच पुढ्यात बसवून पेत्राला काम दिलं, माझी मेंढरं चार.

करिंथकरांच्या पत्रातला तो अध्याय 15 म्हणजे पुनरुत्थानावरचा सगळ्यात मोठा उतारा, अठ्ठावन्न ओव्यांचा, शेवटी मरणाला 'तुझी नांगी कुठे' असं विचारणारा. (अध्यायातल्या क्रमांकांना 'ओवी' म्हणायची आपली जुनी ख्रिस्ती सवय मला आवडते.) आणि लगेच अध्याय 16, ओवी 1: आता वर्गणीविषयी. यरुशलेमातल्या गरजू मंडळीसाठी दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकानं ऐपतीप्रमाणे काही बाजूला ठेवावं. आठवड्याचा पहिला दिवस, म्हणजे कबर रिकामी सापडली तो वार. पाळकसाहेब उपदेश पंधराव्यावर करतात आणि सोळाव्याचा डबा फिरवायला दुसऱ्या कुणाला तरी सांगतात, पण पत्रात मध्ये पान उलटायलाही सवड नाही.

माझे आजोबा गेले त्याच्या पुढच्या ईस्टरची गोष्ट. आमच्याकडं पहाटेची उपासना कबरस्थानातच व्हायची, अंधारात मेणबत्त्या घेऊन. आजी त्या वर्षभर घराबाहेर फारशी पडली नव्हती. भाजी चिरायची, पण फोडणी द्यायला दुसरं कुणीतरी लागायचं. त्या पहाटे 'ख्रिस्त उठला आहे', 'खरोखर उठला आहे' झालं, गीत झालं, लोक एकमेकांचे हात हातात घेऊन बोलू लागले. आजी आजोबांच्या कबरेपाशी खाली बसली. मला वाटलं, रडेल. तिनं कडेचं वाळलेलं गवत उपटलं, लाल माती पदराला पुसली, माझ्या खांद्याचा आधार घेऊन उभारली आणि म्हणाली, "चला बाबा, म्हस उभारली असंल." धारेची वेळ टळत होती. घरी येऊन तिनं धार काढली, चहा ठेवला आणि वर्षभरानं पहिल्यांदा भाकऱ्या थापल्या. त्यावर ती काही बोलली नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

तर पत्रिकेचं: वर 'पुनरुत्थान दिन', खाली 'ख्रिस्त उठला आहे', शेजारी 'क्रिस्तनु एद्दिद्दाने'. 'पुनरुत्थान'मधला 'रु' ऱ्हस्व आणि 'त्था'मध्ये त ला थ, थ ला थ नव्हे. आमच्या मंडळीच्या पत्रिकेवर एका वर्षी 'पुनरूथ्थान' छापून आलं होतं, तीनशे प्रती. प्रूफ फोनवर मागवू नका. छापखान्यात जाऊन, उभारून, स्वतः वाचा.