मुंबईतल्या जुन्या सोसायटीत पाणी वाचवण्यासाठी वेगळं काय करता येईल?

तुमची बत्तीस फ्लॅटची जुनी सोसायटी आहे, दर मे महिन्यात टँकर मागवावे लागतात, आणि नळांना जाळ्या बसवण्यापलीकडे काही करता येईल का, असं तुम्ही विचारलंय. नक्की येईल. मी पार्ल्यात जवळजवळ तेवढ्याच सोसायटीचा आठ वर्षं सेक्रेटरी होतो. आम्ही जे केलं तेच सांगतो.

आधी एक आकडा लक्षात घ्या. राष्ट्रीय इमारत संहितेत माणशी दिवसाला 135 लिटर पाणी धरलेलं आहे, आणि त्यातलं 45 लिटर फ्लशसाठी. म्हणजे तानसा-वैतरणेचं, भांडुपला शुद्ध होऊन आलेलं तिसरा हिस्सा पाणी आपण संडासात ओततो. ज्या शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा ही धरणं आहेत, तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात बायका हंडे लावून टँकरची वाट बघत बसतात. माझी सासुरवाडी तिकडची, त्यामुळे हे मी डोळ्यांनी बघितलंय. तेव्हापासून फ्लशची साखळी ओढताना मला अपराधी वाटतं.

म्हणून माझं सांगणं एकच: प्यायचं पाणी आणि वापरायचं पाणी वेगळं करा. बाकीचे उपाय त्याच्यामागून येतात.

आमच्या आवारात मागच्या बाजूला सिमेंटच्या झाकणाखाली एक विहीर होती. वाडी पाडून बिल्डिंग झाली तेव्हा झाकलेली. तुमच्याकडेही असेल, जुन्या माणसांना विचारा. मुंबईत विहिरी काही कमी नव्हत्या, पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मलेरियाच्या भीतीने कित्येक बुजवल्या किंवा झाकल्या गेल्या. तलावांची तर नुसती नावं उरली: धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक. चर्चगेटजवळची भिका बेहराम विहीर मात्र 1725 सालची आहे, समुद्र इतका जवळ असून तिचं पाणी अजून गोडं आहे.

आम्ही झाकण काढलं, गाळ उपसला, चार दिवसांत झरे मोकळे झाले. तळमजल्यावरच्या आजी काठीला टेकून बघत होत्या. म्हणाल्या, "मी लग्न होऊन आले तेव्हा ह्याच विहिरीवर धुणं धुवायची." पाणी तपासून घेतलं, प्यायला नाही, पण फ्लशला, जिना धुवायला, गाड्या पुसायला उत्तम.

खरं काम पुढे होतं. गच्चीवर वेगळी टाकी आणि तिथून प्रत्येक संडासाच्या फ्लशला स्वतंत्र लाइन. लोक कुरकुरले, कारण बाथरूमच्या टाइल्स फोडाव्या लागतील असं त्यांना वाटलं. आम्ही पाइप डक्टमधून (इमारतीत पाइपांसाठी ठेवलेल्या उभ्या पोकळीतून) बाहेरच्या बाजूने फिरवले, आत फक्त एक भोक पडलं. एक गोष्ट कधीच करू नका: टाकी रिकामी झाली की पालिकेची लाइन तिला जोडून द्यायची, असा सोपा मार्ग प्लंबर सुचवेल. एक व्हॉल्व्ह उघडा राहिला तर विहिरीचं पाणी स्वयंपाकघरात पोचेल. दोन्ही लाइनींना वेगवेगळे रंग द्या.

आता पाऊस. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. 400 चौरस मीटरच्या गच्चीवर 8 लाख लिटर होतात, पाचवा हिस्सा वाया गेला धरला तरी दहा हजार लिटरचे चौसष्ट टँकर भरतील. आम्ही गच्चीचे पाइप खडी-वाळूच्या खड्ड्यातून विहिरीकडे वळवले. पहिल्या एक-दोन सरींचं घाण पाणी गटारात सोडून द्यायचं.

मात्र सगळीकडे खड्डा खणून उपयोग नाही. तुमची जागा भरणीची किंवा खाडीलगतची असेल, तर जुलैत जमीन आधीच पाण्याने टम्म असते, खड्ड्यातलं पाणी जिरतच नाही. तिथे टाकी बांधून साठवा. आणि खाडीजवळ बोअर मारून जोरात उपसा तर अजिबात करू नका. आमच्या ओळखीच्या एका सोसायटीत तसं केलं, तिसऱ्या उन्हाळ्यात बोअरला खारं पाणी लागलं.

रिचार्जचा, म्हणजे पावसाचं पाणी जमिनीत जिरवायचा खडी-वाळूचा खड्डा बांधून विसरू नका. आमचा पहिला खड्डा रंगकामाच्या वेळी कंत्राटदाराने घाईघाईत करून दिला होता, दोन पावसाळ्यांत गाळाने बसला. आता दर मे महिन्यात वाळू काढून धुतो. विहिरीवर डासांची बारीक जाळी आहे आणि आत गप्पी मासे सोडलेत; पालिकेच्या कीटकनाशक खात्याची माणसं तपासायला येतात तेव्हा हेच बघतात.

टँकर पूर्ण बंद झाले का? नाही. पाऊस लांबला त्या जूनमध्ये दोन मागवावे लागले. आधी आठवड्याला तीन यायचे.

तुम्ही सुरुवात करणार असाल तर या रविवारी गच्चीवर जा आणि पावसाळी पाइप खाली नेमके कुठे उतरतात ते कागदावर काढा. आमच्याकडे सहापैकी चार थेट रस्त्याच्या गटारात जात होते, आणि बिल्डिंग बांधल्यापासून ते कुणी बघितलेलंच नव्हतं.