सासूबाईंची कवळी डब्यातच का?

लग्नसराई जवळ आली की नाशकातल्या कवळ्या डब्यांतून बाहेर निघतात आणि रविवार कारंजावरच्या माझ्या दवाखान्यात गर्दी होते. या महिन्यात पत्रंही तीच आली. हिरड्यांतून रक्त, अक्कलदाढ वगैरे मंडळींनी पुढच्या अंकापर्यंत थांबावं.

प्रश्न : माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. दीड वर्षापूर्वी त्यांना पूर्ण कवळी करून घेतली. वरची बरी बसते. खालची बोलताना उचलते, जेवताना टोचते. आता दोन्ही डब्यात असतात, फक्त कार्याला फोटोपुरत्या बाहेर येतात. रोज भाकरी दुधात कुस्करून खातात आणि “आता काय उरलंय माझं” म्हणतात. यांचे मत, “त्यांना सवयच करायची नाही.” कवळी चुकली आहे का? इम्प्लांट या वयात सोसेल का? (सौ. वि., मखमलाबाद)

उत्तर : वि.ताई, तुमच्या पत्रानं मला माझी आई आठवली, म्हणून थोडं लांबण लावते.

आईची कवळी मीच केली होती. ती तिवंध्याजवळच्या आमच्या जुन्या वाड्यात राहायची. आठवडाभर तिनं ती घातली, मग स्टीलच्या डबीत घालून देवघराच्या फडताळात ठेवून दिली. विचारलं तर म्हणाली, “तुझ्या कवळीत माझी जीभ मावत नाही गं.” मी तिला दोन महिने तेच ऐकवलं जे तुमचे यजमान सासूबाईंना ऐकवताहेत. मग एकदा तिला खुर्चीत बसवून नीट पाहिलं. खालच्या मागच्या दाढा मी खरंच जिभेच्या अंगाला जास्त सरकवल्या होत्या. जीभ हलली की कवळी वर. आईनं निदान बरोबर केलं होतं, डॉक्टरच ऐकत नव्हती. दाढांची जागा बदलली आणि डबी रिकामी झाली.

तेव्हा पहिलं काम म्हणजे सासूबाईंना विचारा, कुठे टोचतं, कशाच्या वेळी उचलतं, आणि त्या जे शब्द वापरतील तेच डॉक्टरांना सांगा.

खालची कवळी त्रास देते यात नवल नाही. वरची टाळूवर पसरलेली असते. कवळी आणि टाळू यांच्यामध्ये लाळेचा पातळ थर असतो आणि ती कडेनं नीट मिटलेली असली की हवा शिरत नाही, म्हणून ती धरून राहते. खालची घोड्याच्या नालासारखी. तिला टेकायला वरच्यापेक्षा जवळपास निम्मीच जागा, त्यात मधोमध जीभ सतत हलती. शिवाय दात गेल्यावर जबड्याच्या हाडाचा उंचवटा झिजत जातो आणि तो खाली जास्त वेगानं झिजतो. टालग्रेन या संशोधिकेनं २५ वर्षांच्या निरीक्षणांवरून १९७२ साली दाखवलं की खालची झीज वरच्याच्या सुमारे चौपट असते. दात काढून थोडेच महिने झाले असताना माप घेतलं असेल तर पहिल्या वर्षात ही झीज सगळ्यात जास्त होते. कवळी आहे तशीच राहते, खालचा जबडा मात्र तिच्याखालून निघून जातो. तुमच्या सासूबाईंच्या बाबतीत मला हीच शंका जास्त आहे.

ज्यांनी केली त्यांच्याकडेच आधी जा. संकोच नको, कवळी दिल्यावर दोन-तीनदा घासून दुरुस्त करणं हा कामाचाच भाग आहे. मात्र जायच्या दिवशी सकाळपासून कवळी घालायला लावा. दुखतं म्हणून चार दिवस काढून ठेवली आणि मग दाखवायला आणली तर हिरडीवरची खूण गेलेली असते, आम्ही नुसते अंदाजानं घासतो. घरी कानस किंवा पॉलिश पेपर लावू नका. एका आजोबांनी दाराची चौकट घासायचा पेपर लावला होता. टोचणं थांबलं, पण कवळीच सुटी झाली.

दात नीट जुळत असतील आणि नुसती आतून ढिली झाली असेल तर रिलाइन करता येतं, म्हणजे हिरडीकडच्या बाजूला नवा थर देऊन ती पुन्हा बेतायची. दाढाच चुकीच्या जागी असतील तर नवी.

सवयीचा भाग उरतोच. पहिल्या आठवड्यात मऊ भात, उपमा, पिठलं, उकड. मग मऊ पोळी, मग भाकरी. घास लहान आणि दोन्ही बाजूंनी एकदम चावायचा, कारण एकाच बाजूला जोर दिला की दुसरी बाजू उचलते. पेरू समोरच्या दातांनी तोडायचा नाही, फोडी करायच्या, आणि बिया काढायच्या. पेरूची बी किंवा तीळ खालच्या कवळीखाली गेला की माणूस जेवण सोडून उठतो. संक्रांतीनंतरच्या आठवड्यात माझ्याकडे हेच पेशंट असतात. बोलण्यासाठी रोज दहा मिनिटं पेपर मोठ्यानं वाचायचा. ‘स’ आणि ‘फ’ आधी अडतात, मग वळतात. कवळीनं चावण्याचा जोर खऱ्या दातांच्या पाव हिश्श्याच्या आसपासच असतो, त्यामुळे मिसळीवरची शेव कुडुमकुडुम लागेल अशी आशा त्यांना देऊ नका.

दूध-भाकरी वाईट नाही, पण तेवढ्यावर राहिल्या तर अंगातलं मांस उतरतं. घट्ट वरण, अंडं चालत असेल तर अंडं, दही, मऊ शिजवलेली कडधान्यं द्या, कवळीचं काम होईपर्यंत.

इम्प्लांटला, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवायच्या स्क्रूला, वय आड येत नाही. खालच्या जबड्यात पुढे दोन इम्प्लांट आणि त्यावर बटणासारखी बसणारी, काढता-घालता येणारी कवळी हा चांगला मार्ग आहे. २००२ साली कॅनडात मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी हीच पहिली पसंती असावी असं म्हटलं होतं. साखर ताब्यात हवी. हाडं ठिसूळ झाल्याबद्दल गोळ्या किंवा इंजेक्शन चालू असेल तर ते आधी सांगा, काही औषधांत जबड्याची जखम भरत नाही. खर्च झेपत नसेल तर पंचवटीतल्या दंत महाविद्यालयात चौकशी करा. तिथे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, खेपा जास्त होतात. साध्या कवळीलाही मापं, चाव्याची नोंद, मेणात दात बसवून पाहायची ट्रायल धरून चार-पाच खेपा लागतातच. त्या मेणाच्या ट्रायलला तुम्ही सोबत जा. सासूबाई आरशात बघून “छान आहे” म्हणून उठतील, तसं होऊ देऊ नका. बोलायला लावा, पाणी प्यायला लावा.

प्रश्न : प्रेसमधून निवृत्त, वय ७१. कवळीला सहा वर्षं झाली. मी ती चोवीस तास घालतो. खरं सांगायचं तर बायकोनंही मला तिच्याशिवाय पाहिलेलं नाही. हल्ली टाळू लाल होऊन चुरचुरतो, ओठांचे कोपरे फाटतात. बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्यांनी काही झालं नाही. (एक वाचक, नाशिकरोड)

उत्तर : काका, प्रेसमध्ये शाईचे डाग पाहिलेत, हा डाग बुरशीचा असावा. कॅन्डिडा नावाची ही बुरशी बहुतेकांच्या तोंडात थोडी असतेच. कवळीच्या खाली ऊब, ओल आणि अंधार मिळाला, वर दिवसरात्र झाकण राहिलं, की ती माजते. अक्रिलिकच्या, म्हणजे कवळीच्या प्लास्टिकच्या, बारीक छिद्रांतही ती राहते, म्हणून नुसतं तोंडात औषध लावून भागत नाही. औषध डॉक्टर देतील, कवळी स्वच्छ करणं तुमच्याकडे. साखर तपासून घ्या. दम्याचा पंप ओढत असाल तर ओढल्यावर चूळ भरा. ओठांचे कोपरे बहुधा कवळीचे दात झिजल्यामुळेही चिरत असतील. तोंड जास्त मिटतं, कोपऱ्यात लाळ साचते. सहा वर्षांची कवळी एकदा दाखवायलाच हवी.

रात्री ती काढाच. २०१५ साली जपानमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ८५ वर्षांवरच्या ५२४ जणांवर तीन वर्षं लक्ष ठेवलं होतं. कवळी घालून झोपणाऱ्यांत न्यूमोनियाचं प्रमाण इतरांच्या दुपटीहून जास्त निघालं. बायकोचा प्रश्न मी सोडवू शकत नाही. दिवा मालवल्यावर काढा आणि पहाटे त्यांच्याआधी उठून घाला, असं करणारे एक गृहस्थ माझ्याकडे येतात. त्यांच्या बायकोला सगळं ठाऊक आहे, तीच मला सांगून गेली.

धुताना बेसिनमध्ये पाणी भरा किंवा खाली टॉवेल घाला, हातातून निसटली तर फुटणार नाही. मऊ ब्रश आणि साधा साबण. टूथपेस्ट नको, तिच्यानं बारीक चरे पडतात आणि घाण त्यातच बसते. उकळतं पाणी तर मुळीच नको, अक्रिलिक वाकतं. रात्रभर साध्या पाण्यात बुडवून ठेवा, सुकू देऊ नका. हिरड्या, टाळू, जीभ मऊ ब्रशनं किंवा ओल्या कापडानं रोज पुसा. धरून ठेवायची पेस्ट वाटाण्याएवढीच लावायची. ती भरभरून लावावी लागत असेल तर कवळी बदलायची वेळ आली आहे.

प्रश्न : आमच्या आजीला एकही दात नाही, कवळीही नाही. ती मशेरी लावते. गालाच्या आत महिन्यापासून पांढरा चट्टा आहे आणि त्यात जखम झाली आहे. दुखत नाही. दात नाहीत तर दातांच्या डॉक्टरकडे कशाला, असं घरातले म्हणतात. (कु. र., दिंडोरी तालुका)

उत्तर : र., हा अंक हाती आला त्याच आठवड्यात तिला घेऊन जा. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. दोन आठवड्यांत न भरलेली तोंडातली कुठलीही जखम दाखवायची असते. दुखत नाही ही दिलासा देणारी गोष्ट नाही, कर्करोग सुरुवातीला बहुधा दुखत नाही. डॉक्टर छोटा तुकडा काढून तपासायला पाठवतील. तुकडा काढला की रोग पसरतो, असं कोणी तरी नक्की म्हणेल. तसं होत नाही, उशीर झाला तर मात्र पसरतो. द्राक्षांची छाटणी चालू असेल तरी एक दिवस काढा. कदाचित चट्टा साधाच निघेल, मग घरचे तुला हसतील. हसू देत. आणि आजीला मशेरीची डबी परत देऊ नकोस.

प्रश्न : चूळ भरताना खालची कवळी रामकुंडात गेली. वरची मधोमध तडकली होती, ती नातवानं फेविक्विकनं चिकटवली आहे. चालेल ना? (पंचवटी)

उत्तर : नाही चालणार. सांधा किंचित वाकडा बसतो, मग ती कुठेच नीट टेकत नाही आणि मलाही पुन्हा जोडता येत नाही. पुढच्या वेळी तुकडे जसेच्या तसे रुमालात बांधून आणा, लॅबमध्ये काही तासांत जोडून मिळते. आता ती वरचीही घेऊन या, नवी जोडी करताना तिच्यावरून उंची आणि दातांचा आकार कळेल. नवीत आतल्या बाजूला तुमचं नाव आणि फोन नंबरची चिठ्ठी अक्रिलिकमध्ये बसवून देऊ. नदीत गेली तर उपयोग नाही, पण रुग्णालयात किंवा सिंहस्थाच्या गर्दीत सापडली तर परत येते. आणि यापुढे कुंडावर जाताना दोन्ही घरी, पाण्याच्या वाटीत ठेवून जा.